अंगावर उठणारी अक्षरं

खानापुरात, स्टेशन रोडला, औषधांच्या दुकानावरच्या माडीत
माझा दवाखाना. सोमवार आणि गुरुवार.
जिन्यात ओल्या चपलांचा वास, त्यात गंधकाच्या मलमाचा.

बिब्बा घातलेली माणसं येतात.
गुडघा धरला होता, शेजारणीनं सांगितलं,
आता तेल जिथवर ओघळलं तिथवर फोड,
काळ्या काठाचे, नकाशासारखे.
बेळगुंदीची सगुणा येते, काजूच्या कारखान्यातली,
कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग घेऊन.
तिच्या बोटांची सालं काजूच्या चिकानं गेलेली,
पण ती बोटं पदराखाली ठेवते, डाग दाखवते.
"बोटं तशीच असत्यात बाई, ती ऱ्हाऊ देत."
एकदा नवरदेवाचा मामा आला होता, ऐन हळदीच्या दिवशी,
केसांना काळा रंग लावून
डोळे सुजून मिटलेले.
लग्नाच्या एकाही फोटोत तो नाही.

शटुप्पा पेंटर आला तेव्हा शेवटचा नंबर होता.
नंदगडहून, सायकलीवरून. वय बासष्ट.
"अंगावर उठूलंय बगा.
काय चावलं न्हाई, काय खाल्लं न्हाई.
पिशवीचा बंद लागला, उठलं.
चड्डीची नाडी, उठलं.
बायको म्हणतीया, देवीचं हाय."

मी त्याला पालथं बसवलं
आणि पेनाच्या टोपणानं पाठीवर एक रेघ ओढली.
रेघेनं काम झालं असतं.
हात थांबला नाही, मी 'श' लिहिला.
आधी पांढरा, मग लाल,
मग तीन मिनिटांत वर आला,
बोटानं वाचता येईल इतका.

"श लिवलासा," तो म्हणाला. मान न वळवता.
"गाठ बारीक झाली. पोट भरा जरा."

तेव्हा ओळख पटली.
खालची माझ्या नावाची पाटी यानंच रंगवलेली.
दोनदा.
पहिल्यांदा मराठी वर, इंग्रजी खाली.
नंतर नगरपालिकेची नोटीस आली,
तेव्हा कन्नड वर, मोठं; बाकीचं उरेल तिथे.
दोन्ही वेळा त्यानं तेवढेच पैसे घेतले
आणि दोन्ही वेळा माझ्या आडनावातला 'ळ'
सारख्याच मायेनं वळवला.

"कशानं होतं?"
बहुतेकदा कळत नाही, मी म्हटलं.
कातडीला साधा स्पर्शसुद्धा मोठा वाटतो.
अर्ध्या तासात आपोआप जातं.
रोज रात्री एक गोळी. खाजवायचं नाही.

महिन्यानं आला. गोळ्या मोजल्या, चार जास्त.
"आयतवारच्या घेत न्हाई," म्हणाला.
का?
बराच वेळ टोपीशी खेळला.
नात हाय, कस्तुरी. तिसरीला. शाळा कन्नडची.
गावातली आमची शाळा पोरं न्हाईत म्हणून मिटली.
आयतवारी ती पाठीवर लिवती,
काडेपेटीच्या काडीनं, गुल नसलेल्या बाजूनं.
मी न बगता सांगतो काय लिवलं ते.
चुकलं तर दम धरायचा, आपोआप पुसतंय.
वर आमचं, खाली त्यांचं. कवा उलटं.
पाटी एकच हाय की.

खाज सुटत नाही?
"सुटती की! जीव जातो.
पण अक्षर काय येऊलंय पोरीचं, बाई."

मी कागदावर लिहिलं: गोळी, आठवड्यातून सहा दिवस.
असं कुठल्याच पुस्तकात नाही.

त्या रात्री, दवाखाना बंद करताना,
मी स्वतःच्या मनगटावर टोपणानं काहीतरी लिहून पाहिलं.
काय लिहिलं ते सांगत नाही.
दिव्याखाली दहा मिनिटं थांबले.
थोडी लाली आली, गेली.
शटर ओढताना वर पाहिलं:
पावसानं पाटीचा वरचा रंग एका कोपऱ्यात सुटलाय,
आणि खालून जुना 'ळ' थोडासा वर आलाय.
शटुप्पाला सांगायला हवं.
घाई नाही म्हणून.